तलावाच्या पाळीवर

अम्मी गेली त्या वर्षी घर खायला उठत असे. पहाटेची नमाज झाली की मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसू लागलो. कोहळी समाजाने बांधलेले असे जुने तलाव आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव आहेत. दुःखात मन एकाच विचाराभोवती फिरत राहते. पाण्यावरचा तरंग, पाणडुबीची बुडी त्याला न शिणवता बाहेर आणते. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण, समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते. तेव्हा मंडळी, मोबाईल घरी ठेवा आणि रोज पंधरा मिनिटे पाळीवर बसा. उदासी हटतच नसेल, तर डॉक्टरांनाही भेटा. अम्मीची आठवण आजही येते. पण परतताना घराची वाट जड होत नाही.