भाड्याच्या चिठ्ठीचा गुण

अमेरिकेत माणसावर बेघरांच्या निवाऱ्यात रात्र काढायची पाळी येण्याचा धोका वयाच्या कोणत्या वर्षी सर्वांत जास्त असतो? कोणालाही विचारा, चाळिशी नाहीतर साठी असे उत्तर येते. बेघर म्हटले की दाढी वाढलेला, गाठोडी सांभाळत फुटपाथवर बसलेला पुरुषच डोळ्यांपुढे येतो ना! खरे उत्तर आहे पहिले वर्ष. तान्ही बाळे.

जरा विचार केला की कोडे सुटते. बाळ येते त्याच सुमाराला आईचे काम सुटते. पगारी बाळंतरजेची देशभर लागू असलेली हमी अमेरिकेत नाही आणि पाळणाघर तर परवडतच नाही. ज्या मावशीच्या किंवा मैत्रिणीच्या दोन खोल्यांत ती आजवर सोफ्यावर झोपत होती, तिथे रात्री तीनदा रडणारे बाळ आले की घरमालकाची तक्रार ठरलेलीच. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत. तिथे कित्येकींचे माहेरच दुसऱ्याच्या सोफ्यावर झोपलेले असते.

तिकडच्या निवाऱ्यांमधले ठरावीक कुटुंब म्हणजे तिशीच्या आतली बाई आणि तिची एक-दोन मुले. ही बाई समाजाला दिसायला मात्र बराच काळ गेला. सत्तरच्या दशकापर्यंत गरिबांना फुकट जेवण आणि खाट देणारी बहुतेक ठिकाणे पुरुषांसाठीच असत. बॉस्टनमध्ये किप टिअर्नन या कार्यकर्तीच्या लक्षात आले, की जेवणाच्या रांगेतले काही पुरुष मुळात पुरुष नाहीतच. ताटभर अन्नासाठी बायका पुरुषी कपडे घालून उभ्या आहेत. १९७४ मध्ये तिने एका बंद पडलेल्या सुपरमार्केटच्या जागेत ‘रोझीज प्लेस’ सुरू केले. स्त्रियांसाठीचा अमेरिकेतला पहिला निवारा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. सरकारी पैशाला हात लावायचा नाही, हा तिथला नियम आजही पाळला जातो.

न्यूयॉर्कची कथा कोर्टातून जाते. १९७९ मध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने बेघर पुरुषांच्या वतीने दावा लावला. आधार कसला, तर महामंदीच्या काळात १९३८ मध्ये राज्याच्या घटनेत घातलेल्या एका कलमाचा: गरजूंची काळजी घेणे ही राज्याची जबाबदारी. कलम चार दशके पुस्तकात पडून होते. १९८१ मध्ये शहराने तडजोडीचा करार केला आणि निवारा मागणाऱ्याला निवारा देणे बंधनकारक झाले. ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो तो रॉबर्ट कॅलहन करारावर सह्या होण्याआधीच रस्त्यावर मरण पावला होता.

त्या करारातले तपशील वाचताना मला गंमतही वाटते आणि आदरही. खाटेची रुंदी किमान ३० इंच. दोन स्वच्छ चादरी, ब्लँकेट, उशी, उशीचा अभ्रा, टॉवेल, साबण. सामान ठेवायला कुलूप लावता येईल असा कप्पा. ‘योग्य ती सोय करावी’ असे मोघम लिहिले असते, तर शहराने योग्य या शब्दाचे काय केले असते ते आपल्याला सांगायला नको. पण हा करार पुरुषांपुरता होता. एकट्या स्त्रियांना तोच हक्क १९८३ मध्ये दुसऱ्या खटल्यातून मिळाला आणि लेकुरवाळ्यांना १९८६ मध्ये तिसऱ्यातून.

हक्क मिळाला तरी दारात चौकशी आलीच. न्यूयॉर्कमध्ये लेकराबाळांसह निवारा मागणाऱ्यांनी ब्राँक्समधल्या एका कचेरीत जायचे असते. आजची इमारत २०११ मध्ये उघडली. तिथे विचारतात, गेली दोन वर्षे कुठे कुठे राहिलात? एकूण एक पत्ता सांगायचा. मग तपासनीस त्या पत्त्यांवर चौकशी करतात, की ही बाई तुमच्याकडे परत राहायला आली तर चालेल का? तोवर साधारण दहा दिवसांची तात्पुरती खोली. आईने फोनवर ‘येऊ दे की’ म्हटले, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो, मग त्या घरात आधीच सहा जण का राहत असेनात. नामंजूर झाला की नवा अर्ज, नवे दहा दिवस. एखादीला कडेवर मूल घेऊन हे चक्र पुन्हा पुन्हा फिरावे लागते.

आता शीर्षकातल्या चिठ्ठीकडे येतो.

अशा कुटुंबांना नेमके काय दिले की ती पुन्हा निवाऱ्यात येत नाहीत, यावर वर्षानुवर्षे वाद होता. एक पक्ष म्हणे, घर सुटणे हे वरवरचे लक्षण. आत व्यसन आहे, नैराश्य आहे, मारहाण आहे, शिक्षणाचा अभाव आहे. ते आधी दुरुस्त करा, मग घराचे बघा. दुसरा पक्ष म्हणे, यांच्याकडे भाड्याला पैसे नाहीत, एवढाच आजार आहे. दोन्हीकडची माणसे प्रामाणिक होती आणि दोघांकडे सांगायला कहाण्या होत्या. पण कहाण्यांनी निकाल लागत नाही. ज्यांना भाड्याची मदत मिळाली त्यांचे बरे चालले असे दिसले, तरी मुळात खटपट्या, कागदपत्रे जपून ठेवणाऱ्या बायकांनाच ती मिळाली असेल, अशी शंका उरतेच.

ही शंका मिटवायला अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याने जे केले, ते औषधांच्या चाचणीत करतात: सोडत काढली. सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०१२ या काळात बारा ठिकाणच्या निवाऱ्यांमधून २,२८२ कुटुंबे निवडली. एक अट अशी, की निवाऱ्यात किमान सात दिवस काढलेले असावेत. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार गटांत वाटणी झाली. पहिल्या गटाला कायम चालू राहणारे भाड्याचे व्हाउचर: कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, वरचे भाडे सरकार घरमालकाला देणार. दुसऱ्याला काही महिन्यांपुरती भाड्याची मदत. तिसऱ्याला संस्थेच्या इमारतीत ठरावीक मुदतीचे घर आणि त्यासोबत समुपदेशन, पालकत्वाचे वर्ग, नोकरीसाठी मार्गदर्शन असा सगळा जामानिमा. चौथा गट नेहमीच्याच वाटेने जाणार. निवाऱ्यात राहा आणि जे जमेल ते शोधा. संशोधकांच्या चमूत मेरीबेथ शिन होत्या. १९८८ पासून न्यूयॉर्कच्या बेघर कुटुंबांचा माग काढून कुटुंब सावरण्याशी घरभाड्याच्या मदतीइतके दुसरे काहीच जुळत नाही, असे त्यांनी आधीच दाखवले होते. पण तेव्हा सोडत नव्हती.

वीस महिन्यांनी या कुटुंबांना पुन्हा गाठले. व्हाउचरवाल्या गटात बेघर होण्याचे, दुसऱ्याकडे आसरा घेण्याचे प्रमाण निम्म्याहून जास्त घटले होते. यात नवल नाही; घराचे पैसे दिले की घर राहणारच. थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. या बायकांवर जोडीदाराकडून होणाऱ्या मारहाणीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले होते. मुले आईपासून तुटून परक्या कुटुंबांत किंवा नातेवाइकांकडे जाण्याचे प्रमाण सुमारे दोन पंचमांशाने घटले होते. मुलांच्या शाळा कमी वेळा बदलल्या. उपासमारीची चिंता कमी झाली, मनावरचा ताण कमी झाला. आणि या गटाला समुपदेशक दिलेला नव्हता की पालकत्वाचा वर्ग नव्हता. मिळाली होती ती फक्त भाड्याची चिठ्ठी! तिचा गुण मारहाणीवर आला, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पान उलटून ती ओळ पुन्हा वाचली.

असे का व्हावे? यावर माझा तर्क असा. भाडेकरार ज्याच्या नावावर, दार त्याचे. करार त्याचा असेल, तर भांडण झाल्यावर मुले घेऊन बाहेर पडायचे तिने. करार तिचा असेल, तर बाहेर पडायचे त्याने. पहिल्या परिस्थितीत तिला रोज रात्री हिशेब करावा लागतो, की आजचा मार सोसायचा की उद्याचा निवारा. चिठ्ठी आली की हा हिशेबच संपतो. मूल तुटण्याचेही तसेच असावे. आई वाईट निघाली म्हणून नव्हे, तर ठावठिकाणा नाही म्हणून लेकरू आजीकडे धाडावे लागते, कधी निवाऱ्याच्या नियमांमुळे वयात आलेला मुलगा बाहेर ठेवावा लागतो.

सेवांचा सगळा जामानिमा असलेल्या तिसऱ्या गटाचे काय झाले? फारसे काही नाही. निवाऱ्यात परतण्याचे प्रमाण थोडे घटले, बाकी बाबतींत नेहमीच्या वाटेपेक्षा वेगळे म्हणावे असे जवळपास काहीच हाती लागले नाही. शिवाय ज्यांच्या नावाने ही घरे निघाली त्यांतल्या जेमतेम निम्म्याच तिथे राहायला गेल्या. कित्येकींना तर संस्थेच्या अटींनीच दारातून परत पाठवले. व्हाउचर मात्र पाचांतल्या चाराहून अधिक कुटुंबांनी वापरले. लोकांना काय हवे होते ते त्यांनी पायांनी सांगितले म्हणायचे.

खर्च बघितला तर चक्रावायला होते. एका कुटुंबाला निवाऱ्यात ठेवायला महिन्याला सरासरी सुमारे ४,८०० डॉलर लागत होते. सेवांसह मुदतीच्या घराला २,७००. व्हाउचरला १,२०० च्या आतबाहेर. सर्वांत गैरसोयीची सोय सर्वांत महाग! तीन वर्षांनी, म्हणजे ३७ महिन्यांचा एकूण हिशेब केला तेव्हा कायमचे व्हाउचर नेहमीच्या वाटेपेक्षा जेमतेम ९ टक्क्यांनी महाग पडले होते. नेहमीच्या वाटेवरची कुटुंबे फुकट जगत नव्हती. त्यांचा खर्च निवाऱ्यांच्या बिलांत जात होता.

एक उणी बाजूही निघाली. व्हाउचर मिळालेल्या बायका काम थोडे कमी करत होत्या. टीकाकार हे लगेच पुढे करतात. मला मात्र अंगावरचे पोर असलेल्या बाईने दुसरी पाळी सोडली, तर त्यात आकाश कोसळण्यासारखे काही दिसत नाही.

मग सोबत सेवा देणारी घरे निरर्थकच का? तसे नाही. १९९२ मध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये गंभीर मनोविकार असलेल्या, वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेल्या लोकांना आधी घराची चावी दिली आणि उपचार मागाहून, तेही त्यांनी मागितले तर. दारू सोडण्याची अट नाही, औषधाची सक्ती नाही. तरी बहुतेक जण त्या घरांत टिकले. पण तिथे डॉक्टर, नर्स, कार्यकर्ते यांचा चमू दारावर येत होता, आणि त्या माणसांना तो लागणारच होता. भाड्याला कमी पडलेली बाई आणि भास होणारी एकटी बाई दोघीही बेघरच. पण दोघींना एकाच कार्यक्रमात कोंबले की पहिलीला नको त्या वर्गांना बसावे लागते आणि दुसरीला हवा तो डॉक्टर पुरत नाही.

इतके कळूनही चिठ्ठ्या पुरत नाहीत. अमेरिकेत भाड्याच्या मदतीस पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते; अन्नाच्या मदतीसारखा तो हक्क नाही, निधी असेल तेवढ्यांनाच. मिळाली तरी ‘व्हाउचरवाले नकोत’ म्हणणारे घरमालक भेटतात. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये अशी अडवणूक बेकायदा ठरवली, कित्येक राज्यांत ती आजही चालते. २०२१ मध्ये कोविडच्या मदतीतून बेघर आणि घरगुती हिंसेपासून पळणाऱ्यांसाठी ७०,००० तातडीची व्हाउचरे निघाली होती, आणि कायद्याने ती २०३० पर्यंत चालायला हरकत नव्हती. भाडी वाढत गेली. पैसे २०२६ मध्येच संपतील असे खात्याने मार्च २०२५ मध्ये स्थानिक कचेऱ्यांना कळवले आणि या कुटुंबांना दुसऱ्या कुठल्या योजनेत सामावता येते का, ते बघायला सांगितले.