कानांनी केलेला काळप्रवास

यंदा दिवाळीला हिंगणीस आत्याकडे गेलो होतो. वर्धा जिल्ह्यातले हे गाव बोरच्या जंगलाच्या वाटेवर आहे. दुपारी माजघरात शिरलो, तो आत्याची नातवंडे परात, तांब्या, पितळी डबा आणि एक मोबाइल मांडून बसलेली. "काका, बोलू नका, ध्वनिमुद्रण चालले आहे!" अशी दटावणी मिळाली. श्रुतिका होती म्हणे! कालयंत्र बिघडते आणि मुले धरण होण्यापूर्वीच्या हिंगणीत जाऊन पडतात. कालयंत्र म्हणजे डब्यात फिरणाऱ्या चार गोट्या. पण डोळे मिटून ऐकले, आणि खरे सांगतो, अंगावर काटा आला.

काळाचा प्रवास दाखवायचा तर चित्रपटवाल्याला राजवाडे उभारावे लागतात, हत्तीघोडे आणावे लागतात. नभोनाट्याला त्यातले काही नको. घड्याळाची टिकटिक थांबली, दूर कुठे शिंग वाजले, की श्रोता दोनशे वर्षे मागे जातो. आणि देखावा तो स्वतःच्या पदरचा उभा करतो.

ही किमया ओळखली होती चार्ल्स चिल्टन या लेखकाने. त्याची 'जर्नी इन्टू स्पेस' ही मालिका बी.बी.सी.वर सप्टेंबर १९५३ मध्ये सुरू झाली. कथेतला काळ १९६५ चा. चौघे चंद्रावर उतरतात, आणि काहीतरी विपरीत घडते आहे याची पहिली चाहूल लागते ती लेमी या बिनतारी यंत्रज्ञाला, तीही कानातच! कोणी वाजवीत नसलेले संगीत त्याला ऐकू येऊ लागते. पुढे ते पृथ्वीवर परततात, पण ती असते हजारो वर्षांपूर्वीची पृथ्वी. घरोघर दूरचित्रवाणी शिरत असलेल्या त्या दिवसांत लोक संध्याकाळी रेडिओभोवती बसून हे ऐकत. (प्रत्यक्षात माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. १९६५ साली इकडे बोर नदीवरचे धरण पुरे झाले.)

आपल्याकडेही या जातीची एक अव्वल कथा आहे. डॉ. जयंत नारळीकरांचे 'गंगाधरपंतांचे पानिपत' कोणी वाचले नसेल तर जरूर वाचावे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात, की जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. का? तर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली, एवढेच! मला तर ही कथा मुळात ऐकण्यासाठीच लिहिलेली वाटते. तो एक सणसणाट ऐकू आला, की सारा हिंदुस्थान बदलला.

पण गंमत पाहा. काळ ओलांडण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या चिल्टनच्या त्या पहिल्या मालिकेलाच काळ ओलांडता आला नाही. मूळ ध्वनिफिती पुसल्या गेल्या, आणि १९५८ साली ती पुन्हा ध्वनिमुद्रित करावी लागली. याउलट, याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामी राहिलेले गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात एकदाच गेले. तो दिवस १२ नोव्हेंबर १९४७, आणि तेव्हाही दिवाळीच होती. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांसाठी ते बोलले. तो थकलेला, संथ आवाज आजही ऐकता येतो. कोणीतरी तो जपला म्हणून.

हिंगणीच्या पोरांची श्रुतिका अडली ती नेमकी इथेच. धरणापूर्वीची बोर नदी वाजत कशी होती? नातवाने तांब्यातले पाणी परातीत भडाभडा ओतले. तोच स्वयंपाकघरातून आत्या पदराला हात पुशीत बाहेर आली. धरणाचे काम पुरे होण्याआधीच ती या घरात सून म्हणून आली होती. आता ऐंशी उलटली आहे.

"असा रायते का नदीचा आवाज?" ती म्हणाली. "आषाढात तं बोलाचं काही ऐकूच नाही ये. अन् उन्हाळ्यात गोट्यायमधून बारीकशी बोले. तुमाले कोनती पायजे?"

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. हा प्रश्न त्यांच्या संहितेत नव्हता. माझ्याही ध्यानात आले, की इतकी वर्षे या घरी येतो आहे, पण नदीविषयी आत्याला मी कधी काही विचारलेच नाही.

"उन्हाळ्यातली," नात म्हणाली.

आत्याने तांब्या स्वतःच्या हाती घेतला, परात जरा तिरकी केली, तीत डब्यातल्या चारही गोट्या टाकल्या, आणि बोटाने सर्वांना गप्प बसण्याची खूण केली. मोबाइलवरचा तांबडा ठिपका लुकलुकत होता.