‘दाहिने’ आणि ‘मुड’च्या मध्ये

पंधरा ऑगस्ट जवळ आला की पिंपळनेरच्या शाळांमध्ये परेडचा सराव सुरू होतो. वरून भुरभुर, पायाखाली चिखल. रांगेतली बरीच पोरं घरी अहिराणी बोलणारी. हुकूम मात्र हिंदीत. त्यामुळे ‘दाहिने मुड’ला अर्धी रांग इकडे वळते, अर्धी तिकडे, आणि समोरासमोर आलेली पोरं फिदीफिदी हसतात. सर ओरडतात, “जेवाना हात कोनता रे?” मग रांग ताळ्यावर येते.

अशाच एका सरावात माझं लक्ष हुकूम देणाऱ्या मुलीकडे होतं. नववीतली, अंगानं किरकोळ. तिच्याआधी हे काम एका दणदणीत आवाजाच्या मुलाकडे होतं. त्याचा आवाज पांझरा नदीपलीकडे गेला असता, पण तो ‘दाहिनेमुड’ एका दमात म्हणायचा आणि रांग फुटायची. हुकुमाला दोन भाग असतात. पहिला लांबवायचा, म्हणजे काय करायचंय ते पोरांना कळतं. मग थोडं थांबायचं. दुसरा तुटक, त्यावर अंग हलतं: उजवी टाच आणि डावा चवडा यांवर वळायचं, मग डावा पाय उचलून उजव्याशेजारी आपटायचा. मधली उसंत खाल्ली की पोरं अंदाजानं वळतात.

चालती रांग थांबवणं त्याहून अवघड. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. ‘थम’ पडायला हवा तो डावा पाय जमिनीला लागताना. पुढे ‘खाली, एक, दो’ आणि सगळे जागच्या जागी. ही मुलगी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. पहिल्या रांगेच्या डाव्या बुटांवर नजर, ओठांत पुटपुटणं, आणि बरोबर वेळेला एक छोटासा ‘थम’. चिखलात एकच आवाज झाला.

खान्देशाला ही कवायत नवी नाही. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं 1825 मध्ये भिल्ल पलटण उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. आज मैदानाच्या कडेला उभी राहून बघणारी मोठी पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, तिकडे त्यांचे डोळे.

शाळांना एवढंच सांगणं: कमांडर निवडताना मोठ्या आवाजाचा मुलगा आधी पुढे काढू नका. पायांकडे बघणारा किंवा बघणारी शोधा. आवाज सरावानं चढतो.