इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेंत काय पारखलें जातें ?

गेल्या उन्हाळ्यांत आपल्या शाळेंतून पूर्वीं बाहेर पडलेला एक विद्यार्थी मजकडे आला. बारावीच्या परीक्षेंत इंग्रजी विषयांत त्यास उत्तम गुण मिळाले होते. निबंध व पत्रलेखन ह्यांत तर तो वर्गांत नेहमीं पहिला असे. परंतु विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत त्याची इंग्रजीची प्रश्नपत्रिका अपेक्षेपेक्षां फारच वाईट गेली. "सर, मला इंग्रजी येतच नाहीं कीं काय ?" असें त्यानें खिन्नपणें विचारिलें. इंग्रजी त्यास चांगलें येतें. मात्र ती परीक्षा काय विचारते हें त्यास ठाऊक नव्हतें, आणि आम्हां शिक्षकांनींहि तें त्यास कधीं सांगितलें नव्हतें. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

ज्या परीक्षेविषयीं मी लिहीत आहें ती म्हणजे मध्यवर्ती विद्यापीठांकरितां २०२२ सालीं सुरू झालेली सामाईक प्रवेशपरीक्षा. विद्यार्थी तिला 'सीयूईटी' ह्या आद्याक्षरांनीं ओळखतात. नॅशनल टेस्टिंग एजन्सी ही संस्था ती घेते. आपल्या महाराष्ट्रांत कला व वाणिज्य शाखांच्या बहुतेक महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवरच प्रवेश मिळतो. त्यामुळें इकडील पुष्कळ पालकांस ह्या परीक्षेचें नांवहि ऐकून ठाऊक नसतें. परंतु दिल्ली किंवा काशी येथील विद्यापीठांत पदवीकरितां जावयाचें तर ती द्यावीच लागते. भाषेच्या परीक्षेसाठीं तेरा भाषा ठेविल्या असून त्यांत मराठीहि आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि दिल्लीस इंग्रजी वाङ्मयाचा विशेष अभ्यास करूं इच्छिणारास इंग्रजीची परीक्षा चुकत नाहीं. २०२५ सालीं ह्या प्रश्नपत्रिकेंत ५० प्रश्न होते व वेळ ६० मिनिटांचा होता. म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद, आणि त्यांतच उतारे वाचावयाचे. उत्तर बरोबर आल्यास ५ गुण मिळतात, चुकल्यास १ गुण वजा होतो, व प्रश्न सोडून दिल्यास कांहींच होत नाहीं. विद्यार्थ्यानें एक वाक्यहि लिहावयाचें नसतें. संगणकाच्या पडद्यावर चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो.

आमच्या आजोबांच्या पिढीस ही गोष्ट चमत्कारिक वाटली असती. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली व न्यायमूर्ति रानडे तींत उत्तीर्ण झाले. तेव्हांपासून पुढें कित्येक दशकें इंग्रजी येणें म्हणजे इंग्रजी लिहितां येणें, अशीच आपल्याकडे समजूत होती. तर्खडकरांची भाषांतरपाठमाला पुढें ठेवून मराठी वाक्याचें इंग्रजी करीत बसणें, हीच घरोघरची तयारी असे. विलायतेंतहि निराळा प्रकार नव्हता. परकीयांच्या इंग्रजीची परीक्षा केंब्रिजनें १९१३ सालीं प्रथम घेतली, तेव्हां ती एकंदर बारा तास चालली. भाषांतर, निबंध, उच्चारशास्त्र इतकें सारें तींत होतें. उमेदवार तीन बसले, आणि तिघेहि नापास झाले !

तीन उमेदवारांचे निबंध एका बैठकींत वाचून होतात. लाखों उमेदवारांचे निबंध वाचावयाचे म्हटले म्हणजे परीक्षकांची फौज लागते, आणि एकाच निबंधास एक परीक्षक सात गुण देतो तर दुसरा चार देतो. परदेशांतून अमेरिकेंत शिकावयास येणाऱ्यांकरितां १९६४ पासून 'टोफेल' ही परीक्षा घेतली जाऊं लागली. तिच्यांत आरंभीं पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या पद्धतीवरच सारी भिस्त होती, ती ह्याच अडचणीमुळें. यंत्र सर्वांस सारखेंच मापतें, हा ह्या पद्धतीचा मोठा गुण. लिहिणाराचा हात यंत्रास दिसत नाहीं, हा तिचा तितकाच मोठा दोष. माझा विद्यार्थी ठेंचाळला तो ह्या दुसऱ्या ठिकाणीं. त्याचें जें बळ होतें, तें दाखविण्यास तेथें जागाच नव्हती.

आतां व्याकरणाकडे वळूं. 'नाम म्हणजे काय' अशी व्याख्या ह्या परीक्षेंत कोणी विचारीत नाहीं. वाक्यांत एक जागा रिकामी असते व तेथें योग्य शब्द कोणता तें ठरवावयाचें असतें. चार पर्यायांपैकीं एक बरोबर. उरलेल्या तिहींतला निदान एक तरी असा असतो कीं, शिकाऊ माणसाच्या तोंडीं तोच प्रथम यावा. आपल्या तोंडीं प्रथम काय येतें, हें बहुधा आपली मातृभाषा ठरविते. आपण मराठींत 'पांच वर्षांपासून येथें राहतों' असें म्हणतों. त्यावरून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हें वाक्य आपोआप तयार होतें, आणि तें चूक असतें. इंग्रजीस तेथें 'हॅव बीन लिव्हिंग' व 'फॉर' हवें. 'सिन्स' च्या पुढें काळाचा आरंभबिंदु यावा लागतो, जसें 'सिन्स २०१९'. मराठीच्या 'पासून' मध्यें मुदत व आरंभ हीं दोन्ही सामावतात, इंग्रजींत तीं निराळीं पडतात. तसेंच 'प्रश्नाविषयीं चर्चा केली' ह्यांतील 'विषयीं' आपण 'अबाउट' ह्या रूपानें इंग्रजींत नेतों; परंतु 'डिस्कस' ह्या क्रियापदास तो भार नको असतो. अशा जागा प्रत्येकानें आपल्या वहींत टिपून ठेवाव्या. व्याकरणाचें पुस्तक पहिल्या पानापासून घोकण्यापेक्षां, मराठी आपणांस नेमकी कोठें ओढते तें ओळखणें अधिक फलदायी आहे, असें माझें मत आहे.

सर्वांत अधिक ओढ उपपदांच्या बाबतींत लागते, कारण 'ए' आणि 'द' ह्यांना मराठींत जोडच नाहीं. 'राजा आला' ह्या वाक्यांतील राजा कोणीहि एक कीं मघां सांगितलेला, हें आपण संदर्भावरून जाणतों. उपपदें म्हणजे क्षुल्लक बाब असें समजून मुलें तिकडे दुर्लक्ष करितात. परंतु वाक्यांचे विस्कटलेले तुकडे क्रमानें लावावयाचा जो प्रश्न ह्या परीक्षेंत येतो, त्याची किल्ली पुष्कळदां उपपदांतच असते. समजा, तीन तुकडे दिले आहेत : 'द वेल रॅन ड्राय इन मे', 'ए फार्मर डग ए वेल', 'सो ही डग डीपर'. विहिरीचा पहिला उल्लेख 'ए' नें होईल, म्हणून दुसरा तुकडा आधीं. मग तीच विहीर 'द' नें येईल. 'सो' हा शब्द मागील कारणाचा परिणाम सांगतो व 'ही' हें सर्वनाम शेतकऱ्याकडे बोट दाखवितें, तेव्हां तिसरा तुकडा शेवटीं. येथें अर्थाचा अंदाज करीत बसण्याचें कारण पडत नाहीं. 'ए', 'द', 'ही', 'सो' हे लहान शब्दच क्रम सांगून मोकळे होतात.

शब्दसंग्रहाविषयीं मुलांत एक वेड पसरलें आहे. तें म्हणजे तीन तीन हजार शब्दांच्या याद्या पाठ करण्याचें. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द ह्या परीक्षेंत विचारतात हें खरें, व थोडेंफार पाठांतर उपयोगीं पडतेंहि. परंतु यादींत शब्द एकटा उभा असतो, वाक्यांत तो शेजाऱ्यांसह असतो. 'फेअर' हा शब्द घ्या. जत्रा, न्याय्य, गोरा, बऱ्यापैकीं, असे त्याचे निरनिराळे अर्थ. 'ए फेअर प्राइस' मध्यें त्यांपैकीं न्याय्य हाच चालेल. दुसरी अडचण खास आपली आहे. कांहीं इंग्रजी शब्द मराठींत येऊन इतके रुळले आहेत कीं, त्यांचा येथील अर्थच मूळ अर्थ असें आपणांस वाटतें. 'पेशंट सीरियस आहे' हें ऐकत वाढलेला मुलगा 'ए सीरियस स्टुडंट' वाचून क्षणभर घाबरला तर नवल नाहीं. अमेरिकेंतील 'सॅट' ह्या प्रसिद्ध प्रवेशपरीक्षेनें सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणें १९९४ सालीं बंद केलें, व शब्दांच्या जोड्यांतील साम्य ओळखण्याचे प्रश्न २००५ सालीं काढून टाकिले. वाचनांत शब्दाचा अर्थ लावतां येणें ह्यास तेथें अधिक महत्त्व आलें. आपल्याकडील परीक्षेंत सुटे शब्द अजून आले तरी, शब्द वाक्यासह टिपण्याची संवय दोन्हीकडे तारते.

वाचनाचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडें सविस्तर लिहितों. समजा, एक इंग्रजी उतारा दिला असून त्याचा आशय असा आहे : एका गांवांत ऐंशी वर्षांपूर्वीं बांधलेला तलाव होता. घरोघर नळ आल्यावर लोकांनीं तिकडे जाणें सोडिलें व तलाव गाळानें भरून गेला. पुढें एका वर्षीं पाऊस पडला नाहीं, नळ कोरडे पडले, तेव्हां गांवकऱ्यांनीं मिळून गाळ उपसला. शेवटीं आसपासच्या अशाच विसरलेल्या विहिरी लेखक एक एक करून मोजून दाखवितो.

प्रश्न असा : तलाव गाळानें कां भरला ? पर्याय चार. पाऊस कमी पडला म्हणून. लोकांनीं दुर्लक्ष केलें म्हणून. सरकारनें दुरुस्ती नाकारली म्हणून. तलाव फार जुना होता म्हणून. पहिल्या पर्यायांतील गोष्ट उताऱ्यांत आहे, पण ती गाळ सांचल्यानंतरची आहे. उतावळा वाचक येथें फसतो. तिसरी गोष्ट जगांत पुष्कळदां खरी असते, परंतु ह्या उताऱ्यांत तिचा एक शब्दहि नाहीं. वर्तमानपत्रें वाचणारा हुशार मुलगा बहुधा येथें फसतो. चौथ्यांत उताऱ्यांतील 'ऐंशी वर्षें' ह्या शब्दांचा भास आहे, म्हणून घाईनें शब्द जुळविणारा तेथें जातो. उरला दुसरा पर्याय. 'दुर्लक्ष' हा शब्द उताऱ्यांत कोठेंच नाहीं. 'जाणें सोडिलें' ह्यावरून तो आपण समजून घ्यावयाचा. बरोबर उत्तर पुष्कळदां असें वेष पालटून येतें, आणि चुकीचीं उत्तरें उताऱ्याचेच कपडे घालून येतात.

दुसरा प्रश्न लेखकाच्या सुराविषयीं असूं शकेल : तो संतापला आहे, खंत करितो आहे, विनोद करितो आहे, कीं उदासीन आहे ? ह्याचें उत्तर एका ओळींत सांपडत नाहीं. शेवटीं विहिरींची मोजदाद कां केली, असा विचार केला म्हणजे खंत हें उत्तर दिसतें. संताप म्हणावा तर कोणावरहि आरोप नाहीं. असे प्रश्न सोडविण्याची शक्ति महिन्याभराच्या शिकवणीनें येत नाहीं. ती गोष्टी, चरित्रें, प्रवासवर्णनें वाचून येते, आणि हें वाचन मराठींत झालें असलें तरी तें येथें उपयोगीं पडतें, हें मीं पुष्कळ मुलांच्या बाबतींत पाहिलें आहे.

आतां थोडें गणित. चुकीच्या उत्तरास गुण वजा होतो म्हणून 'ठाऊक नसेल तर हात लावूं नका' असें मुलांस सर्रास बजाविलें जातें. हिशेब करून पाहा. डोळे मिटून चार प्रश्नांचीं उत्तरें ठोकलीं तर सरासरीनें एक बरोबर व तीन चूक, म्हणजे ५ उणे ३, बाकी २ गुण लाभ. दर प्रश्नास अर्धा. चारांतील दोन पर्याय निश्चित खोटे म्हणून खोडतां आले, तर दर प्रश्नास सरासरी लाभ २ गुणांवर जातो. माझ्या त्या विद्यार्थ्यानें अकरा प्रश्न भीतीनें कोरे सोडिले होते, व त्यांतील बहुतेकांत दोन पर्याय चूक आहेत हें त्यास कळलें होतें ! अर्थात् हा हिशेब ५ व १ ह्या प्रमाणाचा आहे. दुसऱ्या परीक्षांत प्रमाण निराळें असतें, तेव्हां त्या त्या वर्षाची माहितीपत्रिका वाचून तो नव्यानें करावा.

ह्या परीक्षेंत चांगले गुण मिळवून गेलेल्या मुलास महाविद्यालयांत पहिल्याच महिन्यांत चार पानांचा निबंध लिहावा लागतो, आणि तो लिहितां येईल कीं नाहीं ह्याविषयीं परीक्षेनें कांहींच सांगितलेलें नसतें. म्हणून निबंधाची वही मीं वर्गांतून काढून टाकिलेली नाहीं, व पालकांनीं कितीहि आग्रह केला तरी काढणार नाहीं.

तो विद्यार्थी यंदा पुन्हां परीक्षेस बसत आहे. दर शनिवारीं तो एक उतारा घेऊन येतो. बरोबर उत्तर तो एका वाक्यांत सांगतो. उरलेले तीन कां नव्हेत, हें सांगावयास त्यास दहा मिनिटें लागतात. मागच्या शनिवारीं तर त्यानें सरावाच्या पुस्तकांतील छापील उत्तरच चुकलें असल्याचें मला दाखविलें. मीं उतारा दोनदां वाचून पाहिला. त्याचेंच म्हणणें बरोबर होतें.