सांधेदुखी आणि बिबट्याची हाडे
देवळाली प्रवरा परिसरातील उसात बिबट्याचा वावर आहे. पारंपरिक चिनी वैद्यकात सांधेदुखीवर वाघाचे हाड मद्यात मुरवून देत. त्याऐवजी बिबट्याचेही हाड वापरले जाते. चीनने १९९३ साली वाघाच्या हाडांचा व्यापार बंद केला, तरी मागणी संपली नाही. वस्तुतः हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट व कोलॅजन. वाघाच्या हाडात काही अपूर्व वेदनाशामक गुण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूंस औषध म्हणून अस्वल, मासा इत्यादींच्या चरबीची अनुज्ञा आहे. वाघ-बिबट्याचे मांस मात्र निषिद्ध आहे. तथागतांनी रुग्णाची वेदना कधीच क्षुल्लक मानली नाही. ऊसतोडणी करणाऱ्याच्या गुडघ्याचे दुखणे खरे आहे. म्हणूनच त्यावरील उपचारही कसोटीस उतरलेला असावा, असे आम्हांस वाटते. भ्रमापायी पाणातिपात नको.