तिसरे पोते उघडावे का?

धुळ्याच्या बाजारात तूरडाळीची सहा पोती आली. त्यांपैकी दोन आतून ओलसर. व्यापाऱ्याने कोणतीही दोन उघडली, तर दोन्ही कोरडी निघण्याची संभाव्यता किती?

प्रथम सर्व शक्यता मोजाव्यात. जैन गणिती महावीराचार्यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रहा’त त्याची रीत दिली, जळगाव जिल्ह्यातील पाटणच्या शिलालेखात ज्यांचा गौरव आहे, त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही ती आढळते. सहांतील जोड्या : ६×५ भागिले १×२, म्हणजे १५. चार कोरड्या पोत्यांच्या जोड्या : ४×३ भागिले १×२, म्हणजे ६. संभाव्यता ६/१५, अर्थात ४० टक्के.

म्हणजेच दोन पोती पाहूनही ओल नजरेआड राहण्याचा धोका मोठा. तिसरे उघडले, तर तो ४/२०, म्हणजे २० टक्क्यांवर येतो. माल उचलण्यापूर्वी एवढे श्रम घेणे हितावह.