मुलांसाठी पुस्तक लिहिलंत? छापण्याआधी संपादकाला दाखवा



आपल्यापैकी बरेच जण मुलांसाठी लिहितात. वर्गात सांगितलेल्या गोष्टी, परिपाठासाठी जुळवलेल्या कविता, लेकराला झोपवताना सुचलेलं काहीतरी. वही भरत आली की कुणीतरी म्हणतंच, "सर, पुस्तक काढा की!" मग आपण डीटीपीवाल्याकडे जातो, स्वखर्चाने पाचशे प्रती छापतो, छोटासा प्रकाशन समारंभ होतो. सहा महिन्यांनी बघावं तर निम्म्याहून जास्त प्रती कपाटावर धूळ खात असतात. वाटलेल्या प्रतीही मुलांनी किती वाचल्या, हे आपण सहसा विचारत नाही. विचारायची भीती वाटते.

माझ्या पहिल्या पुस्तकात लग्नाच्या जेवणावळीची एक गोष्ट होती. चौथीतली एक मुलगी ती वर्गात मोठ्याने वाचत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "सर, आचार्य भात कशाला शिजवतात?" मी पुस्तक हातात घेतलं. मी 'आचाऱ्यांनी' लिहिलं होतं, छापलं गेलं होतं 'आचार्यांनी'. फाँट बदलताना अक्षर बदललं आणि शेवटचं प्रूफ मी नुसतं चाळलं होतं. पाचशे प्रतींमध्ये तीच चूक. त्या दिवसापासून संपादन या विषयाकडे मी गंभीरपणे बघायला लागलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

संपादन म्हणजे नेमकं काय?

"एकदा ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या" म्हणजे संपादन, असा आपला समज असतो. खरं तर ते शेवटचं काम. संपादनाचे साधारण तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा आशयाचा आणि रचनेचा. गोष्ट कुठे सुरू व्हायला हवी, कोणतं पात्र नसलं तरी चालेल, शेवट पटतो का, ही गोष्ट नक्की कोणत्या वयासाठी आहे, हे प्रश्न इथे येतात.

दुसरा टप्पा भाषेचा. वाक्यं लांबली आहेत का, शब्द मुलांच्या ओळखीचे आहेत का, संवाद बोलल्यासारखे वाटतात का, कवितेचा ताल कुठे अडखळतो, हे बघितलं जातं.

तिसरा टप्पा मुद्रितशोधनाचा. मजकूर पानावर लागल्यावर शुद्धलेखन, विरामचिन्हं, पान क्रमांक, चित्राखालचा मजकूर हे सगळं तपासायचं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शुद्धलेखन तपासून घेतलं आणि मग अर्धी गोष्ट बदलली, तर पहिली मेहनत वाया जाते. आपण बहुतेक जण तर तिसऱ्या टप्प्यापासूनच सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

एका सशाच्या गोष्टीचं उदाहरण

स्वखर्चाने पुस्तक काढणं कमीपणाचं अजिबात नाही. इंग्रजीतलं एक अत्यंत गाजलेलं बालपुस्तक आधी असंच निघालं होतं. बिअॅट्रिक्स पॉटर या इंग्लंडमधल्या लेखिका आणि चित्रकार. आपल्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता, म्हणून १८९३ साली त्यांनी त्याला चित्रं काढून एक पत्र लिहिलं. त्यात पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट होती. पुढे त्या पत्राचं त्यांनी पुस्तक केलं आणि ते प्रकाशकांकडे पाठवलं. नकारामागून नकार आले. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. मुखचित्र तेवढं रंगीत, बाकी सगळी चित्रं काळी-पांढरी. ओळखीपाळखीत त्या भराभर संपल्या आणि दोनेक महिन्यांत आणखी २०० छापाव्या लागल्या.

दरम्यान फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने पुस्तक काढायची तयारी दाखवली, पण जसंच्या तसं नाही. चित्रं रंगीत हवीत, असं त्यांनी सांगितलं. चित्रांची संख्याही कमी करायला लावली. चाळीसच्या वर चित्रं होती, ती तीसच्या आसपास आली. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॉटरबाईंच्या एका हितचिंतकाने मधल्या काळात ही गोष्ट पद्यात करून दिली होती. मुलांचं म्हटलं की यमक हवंच, हा समज तिकडेही होता! प्रकाशकांनी मात्र बाईंचं साधं गद्यच पसंत केलं. ऑक्टोबर १९०२ मध्ये ही आवृत्ती आली. पहिल्या ८,००० प्रती हातोहात गेल्या आणि ते पुस्तक आजही छापलं जातं.

त्यानंतरचं पुस्तक होतं ग्लॉस्टरच्या शिंप्याचं. त्यात बाईंनी त्यांच्या आवडीची बरीच जुनी बडबडगीतं घातली होती. प्रकाशक ती कापणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून १९०२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या मनासारखी आवृत्ती ५०० प्रतींची स्वतःच छापली. पुढच्या वर्षी वॉर्नची आवृत्ती आली, त्यात खरोखरच बरीचशी गीतं गेली होती. गोष्ट आटोपशीर झाली होती.

म्हणजे मनातलं सगळं पुस्तकात असावं, असं मोठ्या लेखिकेलाही वाटत होतंच. फरक इतकाच, की बाहेरचा एक जाणता डोळा त्यांच्याकडे होता आणि त्याचं ऐकण्याची तयारी होती. मात्र सगळंच त्यांनी ऐकलं असंही नाही. पुस्तक लहान मुलांच्या हातात मावेल एवढंच छोटं हवं, यावर त्या ठाम होत्या आणि ते तसंच राहिलं.

मुलांच्या पुस्तकात संपादक काय बघतो?

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी अशा सुरू होतात:

"एका निसर्गरम्य अशा खेडेगावामध्ये रामू नावाचा एक अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व सर्वांना आवडणारा मुलगा आपल्या आईवडिलांसोबत राहत होता आणि त्याच्याकडे काळ्या रंगाची एक सुंदर शेळी होती."

दुसरीतल्या मुलाला हे वाचायला द्या. 'कष्टाळू'पर्यंत येता येता त्याचा श्वास संपतो आणि शेळी आली तेव्हा गाव विसरलेलं असतं. चांगला संपादक विचारेल, "गोष्ट कुणाची? रामूची की शेळीची?" शेळीची असेल तर सुरुवात अशी होऊ शकते:

"रामूची शेळी काळी कुळकुळीत होती. ती रोज शाळेत यायची. रामूच्या आधी!"

गाव गेलं कुठे? चित्रात. रामू प्रामाणिक आहे हे तो पुढे जे करेल त्यातून कळेल, आधी सांगायची गरज नाही. चित्र जे दाखवतं ते शब्दांनी पुन्हा सांगायचं नाही, ही चित्रपुस्तकाच्या संपादनातली मोठी गोष्ट आहे.

याशिवाय संपादक काय तपासतो, ते थोडक्यात:

१. वयोगट. "६ ते १४ वयोगटासाठी" असं आपण बिनधास्त छापतो. पण पहिलीचं मूल आणि आठवीचं मूल एकच पुस्तक कसं वाचेल? प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर गोष्टींचे चार स्तर केलेले आहेत. पहिल्या स्तरातली गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत असते, शब्द सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात. आपली गोष्ट कोणत्या स्तरात बसते, हे तिथे जाऊन ताडून बघता येतं.

२. पान उलटण्याची जागा. "आणि दाराआड उभा होता..." इथे पान संपलं तर मूल घाईने पान उलटतं. तेच उत्तर समोरच्या पानावर दिसलं तर मजा गेली.

३. पानांची संख्या. छपाई फर्म्याच्या हिशोबाने होते. चित्रपुस्तकं साधारण १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. अठरा पानांची गोष्ट सोळात बसवायची की चोविसात, हे आधी ठरवलं नाही तर शेवटी अक्षरं बारीक करून कोंबावी लागतात.

४. तात्पर्य. आपल्याला, विशेषतः आपल्या शिक्षकांना, शेवटी उपदेश केल्याशिवाय राहवत नाही. "म्हणून मुलांनो, नेहमी खरे बोलावे." गोष्टीतून ते कळलं असेल तर या ओळीची गरज नाही. कळलं नसेल तर या ओळीने कळणार नाही. माझ्या पुस्तकात अशा ओळी कितीतरी होत्या.

मराठीच्या खास अडचणी

इथे मराठी जाणणारा संपादकच लागतो. मोबाइलमधली शब्दतपासणी पुरत नाही, कारण चुकीचा शब्दही अनेकदा खराच शब्द असतो. 'सूत' म्हणजे धागा, 'सुत' म्हणजे मुलगा. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'शीर' अंगातली, 'शिर' म्हणजे डोकं. मशीन यातलं काहीही चूक म्हणणार नाही.

र्य आणि ऱ्य यांचा घोळ तर वर सांगितलाच. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये नेला की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, काही जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे वर्डची फाइल कितीही शुद्ध असली तरी पानं लागल्यानंतरचं प्रूफ पहिल्या अक्षरापासून वाचावंच लागतं.

शुद्धलेखनाचे नियमही सगळीकडे सारखे हवेत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ मध्ये भर पडून ते एकूण अठरा झाले. आपली पाठ्यपुस्तकं त्यानुसार चालतात. मुलाने पुस्तकात एक बघायचं आणि गोष्टीत दुसरं, असं झालं की ते गोंधळतं आणि लाल पेन मात्र त्याच्याच वहीत फिरतं.

अक्षरांच्या आकाराचंही तेच. २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठीत देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' लिहायचा असतो. आपण फळ्यावर तसंच शिकवतो. पण पुस्तकाला हिंदी वळणाचा फाँट लावला तर पहिलीतलं मूल 'ल'वरच अडकतं. फाँट निवडताना कुणी लक्षच देत नाही.

आणि बोलीचं काय? गोष्टीतली वऱ्हाडी आजी 'काहून' म्हणत असेल तर ते 'का' करू नये. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, असं अगदी छान चालतं. चांगला संपादक बोली पुसत नाही. ती सगळीकडे एकसारखी राहील आणि बाहेरच्या मुलालाही संदर्भाने कळेल, एवढं बघतो. जो सगळंच सपाट करून देतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

पण खर्च परवडतो का?

हा प्रश्न खरा आहे. पुस्तक आपण पगारातून काढतो. माझा अनुभवाचा सल्ला असा की पाचशेऐवजी साडेतीनशे प्रती छापा आणि वाचलेले पैसे संपादनाला द्या. आता डिजिटल छपाईमुळे आधी पन्नास प्रती काढून बघणंही शक्य आहे.

संपादक निवडताना काही गोष्टी बघा. त्यांनी आधी मुलांच्या पुस्तकांचं काम केलंय का? मोठ्यांच्या कादंबऱ्यांचा अनुभव इथे पुरेलच असं नाही. दोन पानं नमुन्यादाखल करून मागा. तीन टप्प्यांपैकी कोणतं काम, किती वेळा, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे लिहून घ्या. बदल सुचवलेले दिसतील अशी फाइल मागा, म्हणजे काय बदललं ते आपल्याला कळतं आणि शिकताही येतं. लेखक म्हणून अंतिम निर्णय आणि हक्क आपलेच राहतात, हेही स्पष्ट करून घ्या.

आयएसबीएन क्रमांकाला भुलू नका. तो आपल्या देशात विनामूल्य मिळतो आणि घ्यावाही. पण त्याने पुस्तकाची ओळख पटते, गुणवत्ता ठरत नाही.

संपादन केलं म्हणजे पुस्तक खपेलच, असंही नाही. विक्री, वितरण हे वेगळे विषय आहेत. पण ज्या मुलाच्या हातात ते पडेल ते मूल शेवटच्या पानापर्यंत जाईल, याची शक्यता नक्की वाढते. आपल्यासाठी यश म्हणजे तेच ना?

आजपासून करता येईल असं

संपादकाकडे जाण्याआधी एक काम फुकटात होतं. आपली गोष्ट आपण वाचून दाखवू नका. ती ज्या वयासाठी आहे त्या वयाच्या तीन-चार मुलांना मोठ्याने वाचायला द्या आणि गप्प बसा. मूल जिथे अडखळेल तिथे खूण करा. जिथे खिडकीबाहेर बघेल तिथेही करा. जिथे हसेल ती ओळ मात्र कुणालाही कापू देऊ नका.

माझ्या दुसऱ्या पुस्तकाचं प्रूफ मी त्याच मुलीला दिलं. ती तेव्हा सहावीत होती. तिने दोन चुका काढल्या, त्यातली एक संपादकाच्याही नजरेतून सुटली होती. पुस्तकाच्या आभाराच्या पानावर तिचं नाव पहिलं आहे.